लियॉनला तीन दिवस, सोबत इचलकरंजीचे सासरे: काय बघावं, कुठे राहावं?

सूतकथा

नमस्कार मंडळी, आम्ही आइंडहोव्हनला असतो, एप्रिलमधे सासू-सासरे येतायत दोन महिन्यांसाठी. पॅरिस तर करायचंच आहे पण खरं कारण लियॉन आहे. झालं असं की सासऱ्यांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं मागांवर काढली, आधी दुसऱ्याच्या शेडात जॉबर म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा म्हणून आणि मग स्वतःचे आठ माग टाकले, आणि इतकी वर्षं त्यांना वाटायचं की जेकार्ड (मागावर नक्षी विणायची यंत्रणा) हे नुसतं मशीनचं नाव आहे. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आमच्या लेकाने (वय ९) शाळेतल्या प्रोजेक्टचं सांगताना म्हटलं आबा तो माणूस होता, लियॉनचा. झालं! तेव्हापासून एकच, आयफेल टॉवर तुम्ही बघा नाहीतर राहू दे, मला त्या जेकार्डच्या गावाला न्या.

तर प्लॅन असा, पॅरिसहून ३० एप्रिलला दुपारी पोचायचं आणि ३ मे ला सकाळी निघायचं. प्रश्न बरेच आहेत, एकत्रच विचारते. राहायला कुठला भाग बरा, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे चढ आणि जिने जमत नाहीत, पण मला मात्र ते जुनं लियॉन म्हणतात तिथेच राहायची फार इच्छा आहे फोटो बघून बघून. म्युझियम्स कुठली नक्की करावीत आणि कुठली सोडली तरी चालतील. नवऱ्याला सिनेमावाल्या ल्युमिएर बंधूंचं काहीतरी बघायचंय. आणि सासू-सासरे पक्के शाकाहारी, अंडं पण नाही, तर तीन दिवस काय खाणार? कुकर घेऊनच जाऊ का 😀

दोन_नद्या

मी इथे सहा वर्षं आहे. सगळ्यात आधी, तिकिटं काढली नसतील तर तारखा बदल!! १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन पण फ्रान्समधे कामगार दिन आणि तो इथे खरोखर पाळतात. म्युझियम्स बंद, दुकानं बंद, मेट्रो बस पण जवळजवळ ठप्प. रस्त्यात कोपऱ्याकोपऱ्यावर लोक म्युगे नावाच्या पांढऱ्या घंटीसारख्या फुलांच्या काड्या विकत उभे असतात, ते बघायला छान वाटतं, पण तुमच्या अडीच दिवसांतला एक दिवस त्यात जाईल. ८ मे ला परत सुट्टी असते. २ ते ५ असं काहीतरी बघ. त्यातही सोमवारी बरीचशी म्युझियम्स बंद असतात आणि बोझार म्हणजे ललित कलांचं मोठं म्युझियम मंगळवारी बंद असतं, तेवढं कॅलेंडर समोर ठेवून ठरव.

आता सासऱ्यांचं. त्यांना क्र्वा-रूसला न्यायचं, बाकी काही नाही केलं तरी चालेल. इथे दोन टेकड्या आहेत, लोक म्हणतात फूर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्र्वा-रूस ही काम करणारी. रेशीम विणणाऱ्यांना इथे कान्यू म्हणतात, ते सगळे या दुसऱ्या टेकडीवर राहायचे. आधी ते खाली जुन्या गावातच होते, पण जेकार्डचा माग आला १८०४ ला आणि तो चांगला चार मीटर उंच, जुन्या घरांत मावेना. मग टेकडीवर नवीन घरं बांधली गेली, छत एवढं उंच की माग उभा राहावा, खिडक्या मोठ्या की धागा दिसावा, आणि मागाच्या बाजूला वर लाकडी माळा टाकून त्यावर घरच्यांनी झोपायचं. घरंच मागाच्या मापाने बांधली. आता तीच घरं आर्किटेक्ट लोक महागात घेतात, जाऊ दे.

मेट्रोची सी लाइन पकडा, ती दातेरी रुळावरून चढते, उटीच्या गाडीसारखी, लेकाला मजा येईल. वर बाहेर पडलात की चौकातच जेकार्डचा पुतळा आहे. तिथून सपाट चालत रू दिव्हरीला मेझाँ दे कान्यू, तिथे हातमागावर जेकार्ड चालवून दाखवतात. टूर आधी बुक करा, आमची फ्रेंचमधे होती पण माग काय भाषेत चालतो थोडाच. पुढे रू रिशाँला सुआरी व्हिव्हांत नावाची संस्था आहे, त्यांनी गोट-फितीच्या विणकामाची जुनी वर्कशॉप जशीच्या तशी ठेवली आहे, सासऱ्यांना ती जास्त आवडेल असं मला वाटतं कारण ती शोरूम वाटत नाही. आणि बुलव्हार दे कान्यूवरचं भिंतचित्र बघायला विसरू नका, १२०० चौरस मीटरची सबंध भिंत, १९८७ ला रंगवली, आणि मधूनमधून परत रंगवतात तेव्हा चित्रातली माणसं पण वयाने मोठी करतात.

टेकडी उतरायच्या वाटेवर कुर दे व्होरास म्हणून सहा मजली दगडी जिना असलेलं अंगण आहे. सासूबाईंना मेट्रोनेच खाली पाठव, गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं वाईट.

खिडकीची_सीट

राहायचं म्हणशील तर माझं ऐक आणि व्ह्यू लियॉनमधे, म्हणजे तुझ्या जुन्या लियॉनमधे, राहू नकोस. फिरायला जा, दिवसभर जा, पण राहू नकोस. आम्ही तिथे ऑनलाइन एक फ्लॅट घेतला होता, फोटोत लाकडी तुळया दगडी भिंत वगैरे, वर्णनात लिहिलेलं 'ऐतिहासिक इमारत'. इतिहास म्हणजे काय ते चार मजले बॅगा चढवताना कळलं. लिफ्ट नाही, दगडी गोल जिना, पायऱ्या मधे झिजून पन्हळीसारख्या झालेल्या, एका वेळी एकच माणूस, आणि माझी आई दुसऱ्या मजल्यावर बसली ती म्हणाली मी आता इथेच राहते. शिवाय खाली खाण्यापिण्याची गल्ली, रात्री एक-दीडपर्यंत गलका. मालकाला विचारलं तर म्हणे लिफ्ट आहे असं आम्ही कुठे लिहिलंय. बरोबरच होतं, नव्हतंच लिहिलेलं.

तेव्हा लिफ्ट आहे का हे विचारून घे, लेखी. बेलकूरच्या आसपास बघ. दोन नद्यांच्या मधली जी जीभ आहे तिला प्रेस्किल म्हणतात, सगळं सपाट. बेलकूरला ए आणि डी दोन्ही मेट्रो आहेत. जुनं गाव डी वर एकच स्टेशन पलीकडे, किंवा पुलावरून चालत दहा मिनिटं. ल्युमिएर म्युझियम त्याच डी वर. क्र्वा-रूसला जायला ए ने ओतेल द व्हील आणि तिथून सी. पार-दिएला स्टेशनजवळ हॉटेलं स्वस्त मिळतात पण तो भाग म्हणजे ऑफिसं आणि मॉल, संध्याकाळी खाली उतरून चक्कर मारावी असं काही नाही. टीजीव्ही म्हणजे वेगवान रेल्वे मात्र बहुतेक तिथेच थांबते, पॅरिसहून दोनच तास.

दोन_नद्या

बेलकूरला +१. एकच भर घालते, क्र्वा-रूसच्या वरच्या पठारावर पण एखादा अपार्टमेंट-हॉटेल प्रकार मिळाला तर वाईट नाही. वर गेलं की सपाटच आहे, सकाळी बुलव्हारवर भाजीबाजार भरतो (सोमवार सोडून), सासऱ्यांना रोज पिशवी घेऊन जाता येईल. पर्यटक कमी.

कालनिर्णय६२

ताई, मी दोनदा जाऊन आलोय, एकदा कंपनीच्या कामाने आणि एकदा बायकोबरोबर. म्युझियमबद्दल माझं मत सांगतो, पटेल तेवढं घ्या.

पहिलं लुग्दुनुम, म्हणजे रोमन काळातल्या लियॉनचं म्युझियम. हे शहर रोमन लोकांनी इ.स.पू. ४३ मधे वसवलं, सम्राट क्लॉडियस इथेच जन्मला. फूर्व्हिएर टेकडीवर त्यांचं थिएटर आहे, दहा हजार माणसं बसतील एवढं, शेजारी एक छोटं, आणि ते बघायला तिकीट नाही. म्युझियम त्याला लागूनच पण टेकडीच्या पोटात बांधलंय, १९७५ ला, बाहेरून नुसत्या खिडक्या दिसतात. वरून आत शिरायचं आणि काँक्रीटच्या उतारावरून गोल गोल खाली जात राहायचं, जिने कमी, त्यामुळे तुमच्या सासूबाईंना जमेल. तिथे ब्राँझचा एक भलामोठा पत्रा आहे, त्यावर क्लॉडियसने इ.स. ४८ मधे सिनेटपुढे केलेलं भाषण कोरलंय, गॉलमधल्या (म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधल्या) पुढाऱ्यांना सिनेटमधे घ्या म्हणून. हा पत्रा १५२८ मधे सापडला कुणाला? क्र्वा-रूसच्या उतारावर एका कापडवाल्याला! सासऱ्यांना जरूर सांगा.

वर जायला फ्युनिक्युलर आहे, व्ह्यू लियॉन मेट्रोपाशीच, तिला गावचे लोक फिसेल म्हणजे दोरी म्हणतात. वरच्या चर्चला म्हणे 'उलटा पडलेला हत्ती' म्हणतात, चार मनोरे म्हणजे वर केलेले पाय. एकदा ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही. आतली सोनेरी मोझेक मला जरा अति वाटली, पण बाहेरच्या कट्ट्यावरून सगळं शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर माँ ब्लाँ पण.

दुसरं, नवरोबांचं ल्युमिएर. मोंप्लेझिर-ल्युमिएर स्टेशनला उतरायचं, रस्त्याचं नावच 'पहिल्या सिनेमाचा रस्ता'. ल्युमिएरांचा फोटोच्या काचांचा कारखाना होता, त्याच्या गेटमधून कामगार बाहेर पडतायत हे चित्रीकरण त्यांनी १८९५ च्या मार्चमधे केलं, आणि त्या जागेवर आज सिनेमाचं थिएटर आहे, जुन्या शेडचं छत जपून. शेजारी बंगला, त्यात म्युझियम. आता यात आपला धागा असा की त्यांची ही हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली, काळा घोड्याला. म्हणजे पॅरिसच्या पहिल्या तिकिटाच्या खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी. तो खेळ बघून आपले सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ ला हँगिंग गार्डनमधे कुस्ती चित्रित केली. मी त्या बंगल्यात उभा राहून बायकोला हे सगळं सांगत होतो तर शेजारचे फ्रेंच आजोबा बघायला लागले, मग त्यांनाही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

सोडायचंच असेल तर संगमावरचं काँफ्लुआंस सोडा. इमारत जबरदस्त आहे, काच आणि स्टील, २०१४ ची, पण आत डायनोसॉरपासून सगळंच आहे आणि मग कशाचंच काही लक्षात राहत नाही. पोरगा हट्ट करेल हे वेगळं.

एक दुरुस्ती, वर १८०४ लिहिलंय ते ठीकच आहे पण जेकार्डने सगळं एकट्याने शोधलं असं नाही. भोकं पाडलेल्या कागदाने माग चालवायची कल्पना लियॉनच्याच बुशाँची, १७२५ ची. मग फाल्काँ, मग व्होकांसाँ. जेकार्डने ते सगळं जुळवून चालेल असं केलं.

वरणभात_रॉक्स

काका काँफ्लुआंस सोडा म्हणणं पटलं नाही, नऊ वर्षांच्या मुलाला रोमन भाषणाचा पत्रा दाखवणार आणि डायनोसॉर नाही? असो.

खाण्याचं सांगते कारण मी शाकाहारी असून तिथे वर्षभर शिकायला होते आणि जिवंत आहे. लियॉनची ती प्रसिद्ध बूशाँ नावाची छोटी हॉटेलं असतात, लाल चौकड्याचा टेबलक्लॉथ वाली, तिथे मेनूत आतडी, कोथळा, मेंदू, सगळं. सॅलड मागवलं तरी त्यात बेकन आणि वर अंडं. पण एक गंमत, मेनूत 'सर्व्हेल द कान्यू' दिसेल, शब्दशः विणकराचा मेंदू! घाबरू नका, ते नुसतं मऊ ताजं चीज आहे, त्यात चाइव्हज म्हणजे कांद्याच्या पातीसारखं काहीतरी, छोटा कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल. म्हणजे आपला चक्का घे, लसूण-पात घाल, थोडं व्हिनेगर, तसं. ब्रेडवर घालून खायचं. गरीब विणकरांना मटण परवडायचं नाही म्हणून हे, आणि श्रीमंतांनी टोमणा म्हणून नाव ठेवलं असं सांगतात. चीजमधे रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) असतं हा मुद्दा सासूबाईंना चालतो की नाही तो तुमचा घरचा विषय, मी त्यात पडत नाही.

गुलाबी प्रालीनचा टार्ट मिळतो सगळीकडे, बदाम आणि गुलाबी साखर, भयंकर गोड, पण पेस्ट्रीत अंडं असतं तेव्हा त्यांना नको. बाकी गियोतिएर मेट्रोजवळ आशियाई दुकानं आहेत, तांदूळ-डाळ मिळेल. किचनवालीच खोली घ्या आणि हो, छोटा कुकर न्याच 😀

खिडकीची_सीट

त्राबूलचं कुणीच नीट सांगितलं नाही. म्हणजे एका रस्त्यावरच्या घराच्या दारातून आत शिरायचं, बोळ, मग अंगण, मग परत बोळ आणि दुसऱ्याच रस्त्याला बाहेर. जुन्या गावात रस्ते सगळे नदीला समांतर आणि आडवे फारच कमी, म्हणून हे. रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजता यायचे जायचे, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवायला क्रांतिकारकांनी वापरले. सगळ्यात लांबचा रू सँ-जाँ ५४ नंबरच्या दारातून सुरू होतो आणि रू द्यु बफ २७ ला निघतो, दार ढकलायचं, उघडतं. सपाट आहे, आजींना जमेल. पण वर लोक राहतात, तेव्हा पोराला ओरडू देऊ नका आणि सकाळच्या वेळी जा.

सूतकथा

किती ते लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू थँक्यू! १ मे चं तर डोक्यातच नव्हतं, नशीब टीजीव्हीची तिकिटं बदलता येणारी होती. आता २ ते ५ केलंय, बेलकूरजवळ किचनवाली खोली, लिफ्ट आहे असं त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतलंय. @कालनिर्णय६२ काका, कापडवाल्याची गोष्ट सासऱ्यांना फोनवर सांगितली, म्हणाले बघ, सगळं आमच्याच लोकांना सापडतं. टेक्स्टाइल म्युझियम पण आहे ना तिथे, त्याचं काय?

दोन_नद्या

आहे, आणि संग्रह जगात भारी समजला जातो, पण मी शेवटचं बघितलं तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं. वेबसाइट बघूनच जा.

सूतकथा

जाऊन आलो! वृत्तांत द्यायचा राहिला होता, उशीर झाला.

टेक्स्टाइल म्युझियम बंदच. बाकी लुग्दुनुम झालं, ल्युमिएर झालं (नवरा दोन तास बाहेर येईना), काँफ्लुआंस पण झालं, लेक जिंकला. त्राबूलमधे सासूबाई म्हणाल्या हे तर आमच्या माहेरच्या वाड्यासारखं, पुढच्या दारानं शिरा मागच्या बोळात निघा. फिसेलमधून वर गेलो तर हत्ती खरंच दिसतो, आता मला ते चर्च म्हणून बघताच येत नाही.

पण मेझाँ दे कान्यू. ज्या बाई माग दाखवत होत्या त्या आधी फ्रेंचमधे बोलत होत्या, आम्हाला बघून थोडं इंग्रजी. कार्डांची माळ वर जाते, एकेक कार्ड दाबलं जातं, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, वगैरे मी भाषांतर करायला लागले तर सासरे म्हणाले, तू गप्प बस. आणि डोळे मिटून ऐकत बसले. मागाच्या आवाजावरून इथे मागालाच बिस्तांक्लाक म्हणायचे असं त्या बाईंनी सांगितलं, सासऱ्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाले बरोबर आहे, हातमागाला तीन ठोके असतात, आमच्या पॉवरलूमला मोजायला वेळच नसतो. मग बाई १८३१ च्या विणकरांच्या उठावाचं सांगत होत्या, की मजुरीचा किमान दर ठरला होता आणि व्यापाऱ्यांनी तो द्यायला नकार दिला. मी हे सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे पिकाचंच भांडण की. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीक म्हणजे शेतातलं नाही, कापडातला आडवा धागा, इचलकरंजीत मजुरी ५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे अशी ठरते आणि त्यावरून दर थोड्या वर्षांनी संप.) आता सासऱ्यांना विचारलं तुम्ही कुठल्या बाजूला असता, जॉबर होतात तेव्हा की आठ माग झाल्यावर? तर नुसते हसले.

शेवटी त्यांनी हाताने खुणा करून बाईंना दाखवलं की एका बाजूचा ताणा म्हणजे उभे धागे ढिले आहेत, तिकडे कापडाची कड लहरी येतेय. त्या बघायला गेल्या, बोट फिरवलं, आणि खरंच ढिले होते. मग त्यांनी आतून अजून एका माणसाला बोलावलं, आणि हे तिघं अर्धा तास एक शब्द न कळता बोलत होते. आमची पुढची टूर गेली, रू रिशाँचं राहिलं.

@वरणभात_रॉक्स विणकराचा मेंदू सासूबाईंना आवडला, रेनेटचा विषय मी काढलाच नाही.

वरणभात_रॉक्स

शहाणी आहेस. कुकर नेला होतास का?

सूतकथा

नेला होता. शिट्टीने शेजारचे बाहेर आले 😀